चूकभूल द्यावी घ्यावी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गंगापूर रोड, नाशिक येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात वक्त्याने शिक्षण, संघटना अथवा विवाहखर्चाची काटकसर यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी रूढी आहे. हे सर्व विषय मोलाचेच आहेत. तथापि आज आम्ही जो विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत, तो आपल्या रोजच्या देवघेवीचा आहे. आपल्या ज्ञातीत दुकानदार आहेत, शेतकरी आहेत, नोकरदार आहेत. आणि आता घरबसल्या मोबाइलवरून माल विकणाऱ्या व त्याच मोबाइलवरून माल मागविणाऱ्या भगिनी व तरुण मंडळीही आहेत. या नव्या बाजारात विक्रेत्याने चुकून भलतीच कमी किंमत लिहिली आणि ग्राहकाने त्या किमतीत माल मागविला, तर विक्रेत्याने तो दिला पाहिजे काय, आणि ग्राहकाने तो मागावा काय, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या शब्दाच्या पतीवर ज्यांनी संसार उभे केले, त्या घरांच्या दृष्टीने तो क्षुल्लक नाही, असे आम्हांस वाटते.

ज्या गंगापूर रोडवर आज आपण जमलो आहोत, त्या रस्त्याकडे पाहिले तरी काळ किती पालटला हे ध्यानात येते. अशोकस्तंभापासून निघून आनंदवल्ली, सोमेश्वर करीत धरणाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या कडेचे मळे आपल्यातील वयोवृद्धांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. आज तेथे इमारतींच्या रांगा आहेत, आणि प्रत्येक इमारतीच्या दाराशी पाठीवर पार्सलांची मोठी पिशवी घेतलेला एखादा तरुण उभा असतो. तो आणून देतो तो माल विकणारा कोण, हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. घेणारा कोण, हे विकणाऱ्यास ठाऊक नसते. पूर्वीच्या दुकानात दोन माणसे समोरासमोर बसत. आज त्यांच्यामध्ये एक पडदा आहे आणि त्या पडद्यावर एक आकडा आहे. तो आकडा चुकला, तर काय करावयाचे?

आपल्या वाडवडिलांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले होते, आणि तेही चार शब्दांत. जुन्या पेढीवरील कोणतेही बिल अथवा खातेउतारा काढून पाहा. त्याच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहिलेले आढळेल. कित्येक बिलांवर तर जागा वाचविण्याकरिता ‘चू. भू. द्या. घ्या.’ एवढीच अक्षरे असतात. आपण ती इतक्या वेळा पाहिली आहेत की तिच्या अर्थाकडे आपले लक्षही जात नाही. इंग्रजी रिवाजाच्या बिलावरही चूक दुरुस्त करण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. परंतु तो हक्क बिल लिहिणाऱ्याचा असतो. आपल्या वाक्यात दोन क्रियापदे आहेत. आमच्या हातून तुमचे पैसे जास्त लागले असतील, तर ते आम्ही देऊ. कमी लागले असतील, तर ते आम्ही घेऊ. आणि या दोहोंत ‘द्यावी’ हा शब्द आधी आहे, ‘घ्यावी’ हा मागून आहे. आमच्या आजच्या सर्व विवेचनाचा पाया ही शब्दांची जोडी आहे.

आता नव्या बाजारातील चुका कशा होतात, ते थोडक्यात पाहू. किंमत टंकलिखित करताना एक शून्य गळते, अथवा दशांशचिन्ह भलत्या जागी पडते. डझनाचा भाव नगाला लागतो. एकाच मालावर दोन सवलती एकमेकींवर चढतात. कित्येक ठिकाणी किंमत ठरविण्याचे काम माणूस करीतच नाही; प्रतिस्पर्ध्याचा भाव पाहून आपला भाव क्षणोक्षणी बदलणारा संगणकीय प्रोग्राम ते करतो. जुन्या दुकानात पाटीवर भाव चुकला, तर पहिल्याच गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून दुकानदार तो ओळखत असे. आता चूक मध्यरात्री होते, मालक झोपलेला असतो, आणि सकाळपर्यंत शेकडो ऑर्डरी येऊन पडलेल्या असतात.

आपल्या देशातील दोन प्रकरणे या बाबतीत चांगलीच गाजली. २०१४ च्या फेब्रुवारी महिन्यात स्नॅपडील या संकेतस्थळावर ४६ हजार रुपयांहून अधिक किमतीचा आयफोन अवघ्या ६८ रुपयांस दिसत होता. पंजाबातील एका विद्यार्थ्याने तो मागविला. कंपनीने ती तांत्रिक चूक असल्याचे सांगून देण्याचे नाकारले. संगरूरच्या जिल्हा ग्राहक मंचाने विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला आणि ठरल्या किमतीत फोन देण्यास सांगितले. त्याच वर्षी ओडिशातील कायद्याच्या एका विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर सुमारे साडेतेवीस हजारांचा लॅपटॉप १९० रुपयांस पाहून मागविला. ऑर्डर नोंदल्याची पोच मिळाली, आणि थोड्याच वेळात ती रद्द झाल्याचे कळविण्यात आले. हा वाद राज्य ग्राहक आयोगापर्यंत गेला. २०२१ च्या जानेवारीत आयोगाने कंपनीस भरपाई व दंडात्मक भरपाई मिळून ४०,००० रुपये आणि खर्चापोटी ५,००० रुपये देण्याचा आदेश दिला.

हे निकाल ऐकून काहींना आनंद वाटेल, तर काहींना प्रश्न पडेल की ६८ रुपयांत आयफोन मिळतो यावर कोणा शहाण्या माणसाचा विश्वास बसेल? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१६ च्या दिवाळीत शाओमी कंपनीने एक रुपयात मोबाइल देण्याचा मर्यादित सेल जाहीर केला होता, आणि तो खरोखरीचा सेल होता. सणासुदीला नव्वद टक्के सवलतीच्या जाहिराती वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकतात. ज्या बाजाराने स्वतःच ग्राहकाला अशक्य किमतींवर विश्वास ठेवावयास शिकविले, त्याने मागाहून ‘एवढी कमी किंमत खरी कशी असेल, हे तुम्हांस कळावयास हवे होते’ असे म्हणणे शोभत नाही.

परदेशांतील दोन उदाहरणे या उदाहरणांशेजारी ठेवून पाहावीत. २००२ च्या आरंभी इंग्लंडमध्ये कोडॅक कंपनीच्या संकेतस्थळावर ३२९ पौंडांचा कॅमेरा १०० पौंडांस लागला होता. लोकांनी ऑर्डरी दिल्या व कंपनीकडून त्या स्वीकारल्याची पत्रेही त्यांना गेली. कंपनीने प्रथम नकार दिला. ग्राहकांनी चिकाटी धरली, तेव्हा अखेर त्याच किमतीत कॅमेरे देणे कंपनीस भाग पडले. आता सिंगापूरचे उदाहरण पाहा. २००३ च्या जानेवारीत तेथे ३,८५४ डॉलरांचे लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरांस दिसू लागले. एकमेकांच्या परिचयातील सहा सुशिक्षित तरुणांनी रात्रीतून मिळून १,६०६ प्रिंटरांच्या ऑर्डरी दिल्या. विक्रेत्याने नकार देताच ते न्यायालयात गेले. २००४ साली उच्च न्यायालयात आणि २००५ साली अपिलात त्यांचा पराभव झाला. किंमत चुकली आहे हे त्यांना कळत होते, आणि कळत असूनच त्यांनी ती संधी झडप घालून साधली, असे न्यायालयास दिसून आले.

श्रोतेहो, या दोन निकालांत विरोध आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. वास्तविक तो नाही. तीनशे एकोणतीसचा कॅमेरा शंभरास हा मोठ्या सवलतीचा भाव असू शकतो. सामान्य माणूस तो खरा मानून एक कॅमेरा मागवितो. चार हजारांचा प्रिंटर सहासष्टास हा भाव असू शकत नाही. आणि घरात एकाहून अधिक प्रिंटरांचे काम नसताना शेकड्यांनी मागविणारा माणूस स्वतःच्या कृतीनेच सांगून टाकतो की आपण चूक ओळखली आहे. पहिल्या ठिकाणी विक्रेत्याने शब्द पाळावा हे योग्य. दुसऱ्या ठिकाणी ग्राहकाने हात आवरावयास हवा होता.

कायदाही साधारणपणे याच दिशेने जातो. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे, केवळ एका पक्षाची चूक झाली एवढ्याच कारणाने करार रद्द करण्याजोगा होत नाही. म्हणजे ‘माझी चूक झाली’ एवढे म्हटल्याने विक्रेता सुटत नाही. परंतु त्यापूर्वीचा प्रश्न असा की करार मुळात झाला केव्हा? दुकानाच्या काचेत मांडलेल्या वस्तूवरील भाव हा केवळ गिऱ्हाइकास दिलेले आमंत्रण असते. गिऱ्हाईक ‘मी घेतो’ म्हणते तो प्रस्ताव, आणि दुकानदार होकार देतो तेव्हा करार होतो, असे कायदेपंडित मानतात. त्याचाच आधार घेऊन आता बहुतेक ऑनलाइन कंपन्या आपल्या अटींत लिहितात की माल रवाना होईपर्यंत करार झालेला नाही. तसेच, समोरच्याची चूक ओळखून ती साधणाऱ्यास न्यायालये थारा देत नाहीत. १९३९ साली लंडनमध्ये अर्जेंटिनाच्या रानसशांच्या कातड्यांचा एक सौदा न्यायालयात आला होता. त्या व्यापारात भाव नगावर ठरविण्याची रीत असे. विक्रेत्याने तो चुकून वजनाच्या पौंडावर लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत असल्याने भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला. त्या व्यापारात मुरलेल्या खरेदीदारास ही चूक कळली असलीच पाहिजे, असे ठरवून न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला.

परंतु कायद्याच्या काटेकोरपणापलीकडे आपली जुनी व्यवहारनीती आहे, आणि तिच्या दृष्टीने एक गोष्ट आम्हांस खटकते. आपल्याकडे इसार घेतला की भाव पक्का होतो. इसार दिल्यावर घेणाऱ्यास मागे फिरता येत नाही, आणि इसार घेतल्यावर देणाऱ्यासही नाही. हा नियम निरक्षर शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. ऑनलाइन व्यवहारात ग्राहक नुसता इसार देत नाही, तर पुष्कळदा पूर्ण रक्कम आगाऊ मोजतो. पूर्ण पैसे आपल्या पेटीत घ्यावयाचे आणि ‘सौदा अद्यापि झालेलाच नाही’ असे म्हणावयाचे, ही भाषा कायद्यात कदाचित बसेल. पेढीवर ती बसली नसती. निदान एवढे तरी मान्य झाले पाहिजे की पैसे स्वीकारल्यानंतर चुकीचे कारण सांगावयाचे असेल, तर ती चूक सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर आहे. लेखणी त्याच्या हाती होती.

चूक आणि पश्चात्ताप यांतील भेद येथे नीट ओळखला पाहिजे. तो ओळखण्याकरिता आपल्या जिल्ह्यातील कांद्याच्या बाजाराइतकी चांगली शाळा नाही. लासलगाव, पिंपळगाव अशा बाजार समित्यांच्या आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कांदा येतो, व्यापारी तो पाहतात आणि क्विंटलचा भाव पुकारला जातो. लिलावात भाव ठरला, ट्रॉली खळ्यावर गेली, आणि माल उतरविताना खाली वेगळ्या प्रतीचा कांदा निघाला, तर व्यापारी ‘वांधा’ काढतो. वांधा खरा असेल तर त्यात अन्याय नाही. जो माल पाहून भाव बोलला, तो माल तो नव्हताच. परंतु शेतकऱ्यांची फार जुनी तक्रार अशी की लिलावानंतर बाजार उतरला की वांधे वाढतात. कांदा तोच असतो. व्यापाऱ्याचे मन फिरलेले असते. म्हणून तर वांधा खरा की खोटा हे पाहण्याकरिता त्रयस्थांची समिती लागते. ऑनलाइन विक्रेत्याची चूकही याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे. शून्य गळाले, तर ती चूक आहे. ‘एवढ्या ऑर्डरी येतील असे वाटले नव्हते’ किंवा ‘या भावात नफा राहत नाही हे आता कळले’ ही चूक नव्हे. तो पश्चात्ताप आहे, आणि त्याची किंमत ज्याची त्याने सोसावयाची असते. आणि गर्दी जमविण्याकरिता मुद्दाम खोटा भाव लावून मग ऑर्डरी रद्द करणे ही तर सरळ फसवणूक आहे. अशा आमिषाच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अटी घातल्या आहेत.

आतापर्यंत आम्ही विक्रेता म्हणून मोठ्या कंपन्याच डोळ्यांपुढे ठेवल्या. परंतु आज या सभागृहात बसलेल्या कित्येक कुटुंबांचा संबंध दुसऱ्या प्रकारच्या विक्रेत्याशी आहे. समजा, याच रस्त्यावरील एखाद्या इमारतीत राहणारी आपली एक भगिनी येवल्याहून पैठण्या आणून मोबाइलवरून विकते. अठरा हजारांच्या पैठणीपुढे तिच्या हातून अठराशे लिहिले गेले आणि रात्रीतून चाळीस ऑर्डरी आल्या. एका पैठणीमागे सोळा हजार दोनशे रुपये, म्हणजे चाळीसांमागे साडेसहा लाखांच्या घरातील नुकसान. शब्द पाळला तर धंदा बुडतो. नाही पाळला तर बदनामी होते. दहा वर्षांत मिळविलेली पत एका शून्यावर टांगलेली! अशा वेळी ‘ग्राहक हा राजा’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या राजाने प्रजेचे घर लुटावे काय?

आणि ‘लुटणे’ हा शब्द आम्ही अलंकारासाठी वापरीत नाही. अशा चुका शोधून काढून त्या हजारो लोकांस कळविणारे समूह टेलिग्राम व व्हॉट्सॲपवर चालतात, आणि तेथे अशा किमतीचे नावच ‘लूट’ असे आहे. ‘मोठी लूट, लवकर करा, दुरुस्त होण्यापूर्वी ऑर्डर टाका’ या धर्तीचे संदेश तेथे फिरतात. ‘दुरुस्त होण्यापूर्वी’ म्हणणाऱ्यास चूक कळलेली असते, याहून निराळा पुरावा नको. जो शब्द आपल्या पूर्वजांनी पेंढाऱ्यांकरिता राखून ठेवला होता, तो आपली मुले आपल्या हातांनी, हसत हसत, स्वतःच्या खरेदीस लावीत आहेत, याचे आम्हांस वाईट वाटते. त्यांचे म्हणणे असे की एवढ्या मोठ्या कंपनीचे काय बिघडते? परंतु पडद्यामागे कंपनी आहे की एखादे घर आहे, हे त्यांना दिसत नसते. २०१४ च्या डिसेंबरच्या १२ तारखेस ब्रिटनमध्ये किंमती आपोआप बदलणाऱ्या एका प्रोग्राममध्ये बिघाड झाला आणि ॲमेझॉनवरील अनेक छोट्या व्यापाऱ्यांचा माल सुमारे तासभर एका पेनीस दिसू लागला. पुष्कळ ऑर्डरी रद्द करता आल्या. परंतु जो माल कंपनीच्या गोदामांतून रवाना झाला होता, तो गेला तो गेलाच. नाताळच्या तोंडावर ज्यांनी माल भरला होता, असे कुटुंबाचे धंदे त्या एका तासात मेटाकुटीस आले. त्यांची स्वतःची चूकही नव्हती. चूक दुसऱ्याच्या यंत्राची होती.

तर मग निर्णय काय? आमच्या मते तो त्याच जुन्या चार शब्दांत आहे, आणि तो दोन्ही पक्षांना सारखाच बांधतो. चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यालाच आहे, जो दुसऱ्याची चूक दुरुस्त करून देतो. ग्राहकाने चुकून दोन वेळा पैसे भरले, चुकीच्या मापाचा कपडा मागविला, घराचा पत्ता जुना लिहिला, अथवा पाच मिनिटांत ध्यानात येऊन ऑर्डर मागे घ्यावी म्हटले, तर जो विक्रेता ‘आता काही होणार नाही, नियम वाचा’ असे उत्तर देतो, त्याला स्वतःचे शून्य गळाल्यावर दया मागण्याचा काय अधिकार? उलट, जो ग्राहक बिलात पाच रुपये जास्त लागले म्हणून दुकान डोक्यावर घेतो, त्याने बिलात पाचशे कमी लागले असता मुकाट्याने पिशवी उचलून चालू लागणे हेही तितकेच लज्जास्पद आहे. २०२० च्या जुलैमध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियमांत एक चांगली तरतूद आहे. ऑर्डर पक्की केल्यावर ती रद्द करणाऱ्या ग्राहकाकडून आकार घ्यावयाचा असेल, तर कंपनीने स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यास तसाच आकार तिनेही सोसला पाहिजे, असा तिचा आशय आहे. आमच्या दृष्टीने ही ‘द्यावी घ्यावी’चीच सरकारी भाषेतील आवृत्ती होय.

एवढे तत्त्व मांडल्यावर व्यवहारात कसे वागावे, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. कारण नुसत्या तत्त्वाने कोणाची दुकानदारी चालत नाही.

आपल्यापैकी जे विक्रेते आहेत त्यांना आमची विनंती अशी. किंमत लिहिल्यावर ती घरातील दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी, आणि एका ग्राहकास एका वेळी किती नग मिळतील याची मर्यादा आधीच घालून ठेवावी. या दोन गोष्टींनी निम्मे संकट टळते. चूक झालीच, तर ती किती मोठी आहे हे पाहावे. प्रामाणिक माणसास जो भाव खरी सवलत वाटू शकेल, तो भाव निमूटपणे सोसावा आणि घरगुती गरजेपुरता माल त्या भावात द्यावा. तो तोटा पतीच्या खात्यावर जमा होतो. चूक इतकी मोठी असेल की ती सोसणे अशक्य, तर त्याच क्षणी किंमत दुरुस्त करावी, प्रत्येक ग्राहकास स्वतः होऊन कळवावे, काय चुकले ते आकड्यांसह स्पष्ट सांगावे, आणि पूर्ण रक्कम त्याच दिवशी परत करावी. ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांमागे दडू नये. पैसे परत करताना पोच-खर्च किंवा इतर कोणताही आकार कापू नये, आणि रोख रकमेऐवजी पुढील खरेदीची कुपने गळ्यात बांधू नयेत. माल ग्राहकाच्या हाती पोहोचला असेल, तर तो परत मागू नये. तो व्यवहार तेथेच संपला असे मानावे.

आपण सर्वजण ग्राहक आहोत. म्हणून पुढील विनंती सर्वांना आहे. अविश्वसनीय किंमत दिसली, तर स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हा दुकानदार आपल्यापुढे गादीवर बसलेला असता, तर आपण त्याला ‘शेठ, भाव बरोबर आहे ना?’ असे विचारले असते काय? उत्तर ‘होय’ असेल, तर पडद्यावरही विचारावे; विक्रेत्यास निरोप पाठविण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. विचारूनही त्याने तोच भाव कायम केला, तर निःशंकपणे घ्यावे. भाव खरा वाटला, तर गरजेपुरते घ्यावे. ऑर्डर रद्द होऊन पूर्ण रक्कम तत्परतेने परत आली आणि चूक उघड होती, तर वाद वाढवू नये. परंतु विक्रेत्याने पैसे अडकवून ठेवले, खोटी कारणे दिली, किंवा ती चूक नसून गर्दी जमविण्याची युक्ती होती असे दिसले, तर मात्र भीड धरू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्याकरिता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे कंपनीची कचेरी बंगळुरास असो वा दिल्लीस, नाशिककर आपली तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगापुढे मांडू शकतो. त्यासाठी ऑर्डरीची पोच, पैसे भरल्याची नोंद आणि पडद्यावरील किमतीचे छायाचित्र जपून ठेवावे, आणि दोन वर्षांच्या आत दाद मागावी. न्याय मागणे आणि लूट करणे यांत फरक आहे. पहिल्यास संकोच नको आणि दुसऱ्यास धाडस नको.

शेवटी मंडळाकरिता दोन सूचना. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर सुखदुःखाच्या वार्ता येतात, रक्तदात्यांची निकड येते, विद्यार्थ्यांच्या यशाची बातमी येते. अधूनमधून ‘लूट’ची साखळीही येते. ती यापुढे कोणी पाठवू नये, आणि आलीच तर वडीलधाऱ्यांनी प्रेमाने पण स्पष्टपणे पाठविणाऱ्यास सांगावे, असा संकेत आपण आज पाळावयास घ्यावा. दुसरी सूचना अशी की आपल्यातील वकील मंडळींनी व घरगुती विक्री करणाऱ्या भगिनींनी वर्षातून एकदा एकत्र बसावे, आणि चुकलेल्या किमतीविषयी ग्राहकास द्यावयाचे एक साधे, सरळ मराठी पत्र तयार करून ठेवावे. ज्या दिवशी संकट येते, त्या दिवशी शब्द सुचत नाहीत. ते आधीच लिहून ठेवलेले बरे. त्या पत्राच्या तळाशी कोणते वाक्य छापावे, हे आता आम्ही सांगावयास नकोच.

आपल्या मुलांना आपण घरे देऊ, शिक्षण देऊ, जमल्यास धंद्यास भांडवलही देऊ. परंतु समोर माणूस दिसत नसतानाही त्याच्याशी समोर बसल्यासारखे वागावे, ही शिकवण दिली नाही, तर बाकीचे सर्व देऊनही ती मुले व्यवहारात दरिद्रीच राहतील. ती शिकवण घराघरांतून दिली जावो, एवढीच आमची इच्छा आहे.